छळ 'काम करत नाही' म्हणून चुकीचा? एका पुस्तकाची चिकित्सा

गेल्या महिन्यात आमच्या जर्नल क्लबमध्ये मी एक पुस्तक मांडलं. शेन ओ'मारा यांचं 'व्हाय टॉर्चर डझन्ट वर्क', २०१५ साली हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेलं. विषय असा, की दहशतवादाच्या संशयिताला चौकशीत यातना दिल्या तर मेंदूचं काय होतं आणि त्यातून खरी माहिती मिळते का. वीस मिनिटं बोलले, आलेख बरे जमले होते. शेवटच्या स्लाइडवर मी लिहिलं होतं, 'छळातून विश्वासार्ह माहिती मिळत नाही, म्हणून छळ चुकीचा.'

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने हात वर केला. "ताई, आणि मिळत असती तर?"

मला उत्तर देता आलं नाही. 'तो वेगळा मुद्दा आहे' असं काहीतरी पुटपुटून मी खाली बसले. पण तो वेगळा मुद्दा नव्हताच, माझ्या स्लाइडवरच्या 'म्हणून' या शब्दातच तो होता. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर हा 'म्हणून' तुमच्याही कामात कुठेतरी लपलेला असण्याची दाट शक्यता आहे.

पुस्तक कशाबद्दल आहे

थोडी पार्श्वभूमी आधी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या सीआयएने संशयितांना गुप्त ठिकाणी ठेवून चौकशी सुरू केली. ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्यातल्या वकिलांनी काही पद्धती कायद्यात बसतात असं लिहून दिलं. तोंडावर कापड टाकून त्यावर पाणी ओतायचं, म्हणजे माणसाला आपण बुडतोय असं वाटतं (हेच वॉटरबोर्डिंग). दिवसचे दिवस झोपू द्यायचं नाही. अरुंद पेटीत कोंडायचं. भिंतीवर आपटायचं. ही टिपणं एप्रिल २००९ मध्ये जाहीर झाली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात मेंदूवर प्रयोग करणारे ओ'मारा ती टिपणं वाचतात आणि एक साधा प्रश्न विचारतात. ही मंडळी मेंदूबद्दल जे गृहीत धरतायत, त्याला आधार काय?

गृहीतक असं, की स्मृती म्हणजे कुलूप लावलेलं कपाट आणि वेदना म्हणजे किल्ली. पुरेसा जोर लावला की कपाट उघडतं आणि आतला माल जसाच्या तसा बाहेर येतो. आपल्याकडे 'थर्ड डिग्री दिली की पोपटासारखा बोलतो' असं म्हणतात, त्यामागेही हेच कपाट असतं.

हे कपाट ओ'मारा मोडून टाकतात आणि तो पुस्तकाचा सर्वात भक्कम भाग आहे. तीव्र आणि लांबलेल्या ताणात कॉर्टिसोल व नॉरअॅड्रेनलिनचा मारा होतो. आठवणी घडवणारा आणि परत काढणारा हिप्पोकॅम्पस, तसंच विचारांवर ताबा ठेवणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, दोन्ही त्यात बिघडतात. झोप तोडली की माणसाला 'हे मी पाहिलं' आणि 'हे मला आत्ता सुचवलं गेलं' यातला फरक करणं जड जातं. म्हणजे ज्या यंत्राकडून उत्तर हवंय, तेच यंत्र चौकशी करणारा आधी नादुरुस्त करतोय. अमेरिकी सिनेटच्या अहवालानुसार काही कैद्यांना १८० तासांपर्यंत जागं ठेवलं होतं, म्हणजे साडेसात दिवस. त्यानंतर त्या माणसाने सांगितलेल्या नाव-तारखेवर तुम्ही किती विसंबाल?

पण पुरावा नेमका कशाचा आहे?

आता आपण रेफरी होऊन वाचू. असे प्रयोग कैद्यांवर करता येत नाहीत, त्यामुळे या क्षेत्रातला पुरावा आडवाटेने येतो. एक नेहमी दिला जाणारा अभ्यास २००४ चा, चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकी सैन्यात एक प्रशिक्षण असतं, त्यात सैनिकांना शत्रूच्या कैदेचा नकली पण भयंकर अनुभव देतात. अशा ५०९ सैनिकांना विचारलं, ज्याने तुमची चौकशी केली तो यातला कोण? प्रत्यक्ष ओळखपरेडीत कमी ताणाची चौकशी करणाऱ्याला ६२ टक्के सैनिकांनी बरोबर ओळखलं. जास्त ताणाची चौकशी करणाऱ्याला फक्त ३० टक्क्यांनी. समोरासमोर, चांगली अर्धा तास चाललेली चौकशी, तरीही!

आकडा जबरदस्त आहे. पण थांबा, प्रयोगात ताण कधी आला? चेहरा पाहताना. म्हणजे आठवण तयार होताना. छळाच्या खोलीत प्रश्न उलटा असतो. आठवण आधीची आहे, शांतपणी साठवलेली, आणि ताण येतोय ती बाहेर काढताना. या दोन वेगवेगळ्या प्रक्रिया आहेत. एकीचा निकाल दुसरीला चिकटवता येत नाही.

'मग आठवण काढतानाच्या ताणावर काही नाही का?' आहे. २००० साली झ्युरिकच्या संशोधकांनी लोकांना शब्दांची यादी पाठ करायला दिली. दुसऱ्या दिवशी आठवायला सांगण्याआधी कॉर्टिसोनची गोळी दिली, तर कमी शब्द आठवले. उपयोगी निकाल आहे. पण काल पाठ केलेली यादी आणि स्वतःच्या भावाचं नाव या सारख्या गोष्टी नाहीत. हजार वेळा वापरलेली माहिती, घराचा पत्ता, मित्राचं टोपणनाव, बरीच पडझड झाली तरी टिकून राहते. म्हणून 'छळाने स्मृती बिघडते' इथून 'छळातून काहीच खरं मिळत नाही' इथे उडी मारता येत नाही. पुस्तकातली प्रकरणं ही उडी सगळीकडे मारत नाहीत, पण मुखपृष्ठावरचं शीर्षक मारतं. आणि जर्नल क्लबमध्ये मी शीर्षकच मांडलं होतं.

'काम करतं' म्हणजे काय?

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पहिल्याच युनिटमध्ये आपण शिकतो, की संकल्पना मोजण्याआधी तिची कार्यात्मक व्याख्या करा. 'छळ काम करतो' याचे निदान तीन अर्थ होतात. एक, माणूस बोलतो. दोन, तो खरं बोलतो आणि ते खरं आहे हे आपल्याला ओळखता येतं. तीन, न छळता जितकं कळलं असतं त्यापेक्षा जास्त कळतं.

पहिल्या अर्थाने छळ नक्कीच काम करतो. माणसं बोलतात. अडचण दुसऱ्या अर्थापासून सुरू होते. एक काल्पनिक उदाहरण घ्या, आकडे माझे आहेत. १०० संशयित पकडले, त्यातल्या १० जणांना खरंच काही माहीत आहे. छळाखाली त्या १० पैकी ९ बोलले. उरलेल्या ९० जणांना काहीच माहीत नाही, पण वेदना थांबावी म्हणून त्यातल्या ६० जणांनी काहीतरी सांगितलं. तुमच्या टेबलावर ६९ जबाब आले आणि त्यात खरे फार तर ९. म्हणजे साधारण १३ टक्के. कोणते ९, हे जबाबावर लिहिलेलं नसतं. डेंगीच्या चाचणीची सेन्सिटिव्हिटी उत्तम आणि स्पेसिफिसिटी भिकार असली की जे होतं, तेच इथे होतंय.

हा हिशोब कागदी राहिलेला नाही. इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा कैदी इजिप्तच्या ताब्यात दिला गेला होता. तिथे त्याने सांगितलं, की इराक अल-कायदाला रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण देतो. ५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांसमोर इराकविरुद्ध मांडणी केली, तेव्हा ही माहिती त्यात होती. पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झालं. २००४ मध्ये त्याने जबाब फिरवला, छळ चुकवायला मी ते रचून सांगितलं असं म्हणाला. एक फॉल्स पॉझिटिव्ह कुठपर्यंत जाऊ शकतो, बघा.

तिसरा अर्थ तर आणखी अवघड, कारण त्याला कंट्रोल ग्रुप लागतो. डिसेंबर २०१४ मध्ये सिनेटच्या गुप्तचर समितीने आपल्या अहवालाचा सारांश जाहीर केला. कार्यक्रमात किमान ११९ कैदी होते, त्यातले किमान २६ सीआयएच्या स्वतःच्या निकषांनुसारही पकडायला नको होते. यशाची म्हणून सर्वाधिक सांगितली जाणारी २० उदाहरणं समितीने तपासली आणि ती सगळी मूलभूत बाबतीत चुकीची ठरवली. अबू झुबैदाचंच बघा. ऑगस्ट २००२ मध्ये त्याला ८३ वेळा वॉटरबोर्डिंग केलं. पण हल्ल्यांचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद आहे, हे त्याने त्याआधीच, एप्रिलमध्ये, एफबीआयच्या अधिकाऱ्यांशी साध्या बोलण्यात सांगितलं होतं.

यावर तेव्हाचे सीआयएप्रमुख जॉन ब्रेनन यांचं म्हणणं होतं, की ज्यांच्यावर या पद्धती वापरल्या त्यांच्याकडून उपयुक्त माहिती मिळाली, पण ती या पद्धतींमुळेच मिळाली का, हे कळणं शक्य नाही. हे वाक्य संशोधक म्हणून दोनदा वाचा. कार्यकारणसंबंध कळणं अशक्य असेल, तर तो कार्यक्रम परिणामकारक आहे असं सरकारला इतकी वर्षं कशाच्या जोरावर सांगितलं? आणि न्याय म्हणून हेही बघा, की समितीने लाखो पानांची कागदपत्रं तपासली, पण सीआयएच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या नाहीत. समितीतल्या रिपब्लिकन सदस्यांनी त्यावर बोट ठेवलं, आणि पद्धतीच्या दृष्टीने ते रास्त होतं. 'छळ कधीच, कुठेच काम करत नाही' हे या अहवालाने सिद्ध होत नाही. 'काम केल्याचा दावा तपासणीला टिकत नाही' एवढं होतं. दुसरं विधान छोटं आहे, पण तेच आपल्याला सही करून देता येईल असं आहे.

मग प्रयोग करूनच बघायचा का?

इथे सायन्सवाल्यांच्या मनात एक खोडकर विचार येतो. डेटा कमी आहे ना, मग जमवू. या वाटेने लोक गेलेले आहेत.

१९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्यांना सुटका नसलेले विजेचे धक्के दिले, ते कुत्रे नंतर सुटका शक्य असतानाही उठेनात, पडून राहात. 'शिकलेली असहायता' ही कल्पना त्यातून आली आणि नैराश्य समजून घ्यायला ती उपयोगी पडली. पुढे जेम्स मिचेल आणि ब्रूस जेसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी सीआयएचा कार्यक्रम रचताना हीच कल्पना उचलली. चौकशी करण्याचा अनुभव दोघांनाही नव्हता. त्यांच्या कंपनीला ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. आपल्या संशोधनाचा असा वापर झाला असेल तर दुःख आणि धक्का वाटतो, असं सेलिगमन यांनी नंतर सांगितलं. गंमत म्हणजे शास्त्र म्हणूनही हे उलटं होतं. असहाय झालेला कुत्रा सहकार्य करत नाही, तो प्रयत्न सोडतो. तुम्हाला आठवून, जुळवून सांगणारा माणूस हवा होता ना?

खोलीत डॉक्टरही होते. फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स या संस्थेने २०१० मध्ये आरोप केला, की वैद्यकीय कर्मचारी कैद्यांवर होणारे परिणाम नोंदवत होते आणि त्यावरून पुढच्या छळाची पद्धत सुधारली जात होती. उदाहरणार्थ, साध्या पाण्याऐवजी मिठाचं पाणी. निरीक्षण, नोंद, प्रोटोकॉलमध्ये बदल. आपण लॅबमध्ये रोज हेच करतो. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलं कलम आहे सहभागीची स्वेच्छेने दिलेली संमती. कोर्सवर्कमध्ये एथिक्सचा दोन क्रेडिटचा पेपर आपण स्कोअरिंग म्हणून उरकतो, पण ती संहिता नेमक्या अशा 'डेटा जमवू' मधूनच आलेली आहे.

म्हणजे छळाच्या परिणामकारकतेचा निर्णायक प्रयोग कधीच होऊ नये. आणि तो कधीच होणार नसेल, तर छळ चूक की बरोबर हे त्याच्या निकालावर टांगून ठेवणं हा मूर्खपणा आहे.

त्या मुलीला उत्तर

आता 'मिळत असती तर?'

१९७४ मध्ये रॉबर्ट फोगेल आणि स्टॅन्ली एंगरमन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गुलामगिरीवर पुस्तक लिहिलं आणि गुलामांवर चालणारी शेती आर्थिकदृष्ट्या कार्यक्षम होती असा निष्कर्ष काढला. प्रचंड वाद झाला. आकड्यांवर झाला, पद्धतीवर झाला. पण 'फायद्याची होती, म्हणजे योग्य होती' असं दोघांनीही म्हटलं नाही आणि त्यांच्या टीकाकारांनीही नाही. गुलामगिरी तोट्याची होती म्हणून आपण ती चूक मानत नाही.

छळाचंही तसंच. तो चूक आहे कारण समोरचा माणूस पूर्णपणे ताब्यात आहे, प्रतिकार करू शकत नाही, आणि तुम्ही त्याचं शरीरच त्याच्या इच्छेविरुद्ध हत्यार म्हणून वापरताय. तो अजून संशयित आहे, गुन्हेगार ठरलेला नाही, हे त्यावर आणखी. १९८४ चा संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार युद्धाचा किंवा आणीबाणीचा अपवादही ठेवत नाही. 'परिणामकारक नसेल तर' अशी अट त्यात नाही.

'पण बॉम्बची टिकटिक चालू असेल तर?' हा वैचारिक प्रयोग तुम्ही ऐकला असेलच. त्यात बॉम्ब नक्की आहे, माणूस नक्की तोच आहे, त्याला नक्की माहीत आहे आणि तो वेळेत नक्की खरं सांगेल. चारही ठिकाणी शक्यता १ धरलेली. असा पेपर तुम्ही रिव्ह्यू केलात तर परत पाठवाल. तरी मी इथे पळवाट काढणार नाही. चारही गोष्टी खरंच जुळल्या, तर न छळण्याची किंमत माणसांच्या जिवांत मोजावी लागू शकते. ती बंदीची किंमत आहे, आणि बंदीच्या बाजूने बोलणाऱ्याने ती मान्य करूनच बोलावं. 'तसंही काम करत नाही' म्हणणं सोपं जातं, कारण मग ही किंमत बघावी लागत नाही. माझी स्लाइड नेमकी तीच पळवाट होती.

मग ओ'मारा यांच्या पुस्तकाचं काम काय? माझ्या मते ते उत्तर आहे, पाया नाही. 'नैतिकता ठेवा बाजूला, आम्हाला माहिती मिळते' असं म्हणणाऱ्याला ते त्याच्याच मैदानात अडवतं. पण बंदीचा पाया त्यावर उभारला, तर उद्या स्मृती न बिघडवता बोलायला लावणारं औषध निघालं की पाया गेला.

आपल्याकडे

हा फक्त अमेरिकेचा विषय नाही. भारताने तो करार ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केला, पण अजून संमत केलेला नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम मात्र आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे आणि २०२३ च्या नव्या कायद्यानेही तो ठेवला. मकोकासारख्या कायद्यात त्याला अपवाद आहे, तिथे अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये ७ स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. मकोकाखाली कबुलीजबाब झाले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं, ५ जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. ज्या कारणांनी कबुलीजबाब नाकारले, त्यात आरोपींचा छळ झाल्याचा मुद्दा होता आणि वेगवेगळ्या जबाबांमधले काही भाग सारखेच असल्याचाही. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत स्थगिती दिली. तरी आज हिशोब असा आहे, की काही माणसांची १९ वर्षं तुरुंगात गेली, आणि ज्यांची माणसं त्या संध्याकाळी घरी आली नाहीत त्यांना बॉम्ब कुणी ठेवले याचं टिकणारं उत्तर अजून मिळालेलं नाही.

तुमच्यासाठी एक काम

पुस्तक वाचा. वेळ कमी असेल तर ताण, झोप आणि पाण्यात बुडवण्याचा मेंदूवरचा परिणाम सांगणारी प्रकरणं आधी वाचा. शेवटचं, छळाऐवजी संवादाने चौकशी कशी होऊ शकते यावरचं, सोडू नका. वाचताना प्रत्येक अभ्यासापुढे समासात लिहा, सहभागी कोण होते, ताण कधी दिला, मोजलं काय.

मग स्वतःच्या सिनॉप्सिसमधला 'म्हणून' शोधा. त्याच्या डावीकडे तुम्ही मोजलेली गोष्ट असेल, उजवीकडे तुम्हाला पटलेली. मधला पूल तुमच्या डेटाने बांधलाय, की तो दुसऱ्याच कशाने, कायद्याने, मूल्याने किंवा नुसत्या इच्छेने बांधावा लागतोय, हे एका वाक्यात लिहून काढा. मी माझी शेवटची स्लाइड बदलली आहे. आता तिच्यावर दोन वेगळी वाक्यं आहेत आणि मध्ये 'म्हणून' नाही. पुढच्या जर्नल क्लबला ती त्या मुलीला दाखवणार आहे.